कापडाच्या गोदामातलं गाणं

माझे धाकटे दीर पुण्याहून शिक्षण संपवून आळ्याला परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक गिटार होती, सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर होता आणि पायानं दाबायच्या चार-पाच लोखंडी डब्या होत्या. सासूबाईंना वाटलं, डब्या शिलाई मशीनच्या असतील. भाऊजींनी त्यातली एक गिटारीला जोडली, पायानं दाबली आणि ओसरीत असा काही आवाज भरला की गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली. त्याच दिवशी डब्या माडीवर गेल्या.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. माझं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. आमचं घर फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. माझे मालक फाट्यावरच्या दुकानात विहिरीच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे, जळलेली तार काढून नवी गुंडाळून द्यायचे. भाऊजी नारायणगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायचे आणि उरलेला सगळा वेळ माडीवर असायचे.

त्यांचं ते संगीत मला कधी नीट कळलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी समजावून सांगितलं होतं. परदेशात अशी गाणी वाजवणारी पोरं स्टेजवर मान खाली घालून उभी राहतात, पायाजवळच्या डब्यांकडं बघत; म्हणून त्या प्रकाराला शूगेझ म्हणतात, म्हणजे बुटांकडं टक लावून बघणं. गिटारीचे आवाज एकावर एक इतके चढवायचे की त्यांची भिंत होते आणि गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. भाऊजींना त्यात आणखी एक गोष्ट हवी होती. शीडीवर, म्हणजे सीडीवर, चरा पडला की गाणं जसं अडकतं, तुटतं, परत मागं जातं, तसं मुद्दाम करायचं आणि त्या तुटण्यातूनच ताल धरायचा. सासूबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "खाली मान घालून तर आमी समद्या नवऱ्या उभ्या ऱ्हायलो. आमाला न्हाई कुणी बाजा दिला."

मी गाणारी वगैरे नव्हते. माहेरी राजुरीला हळदीच्या वेळी बायका मला पुढं बसवायच्या, एवढंच. पण सासरी आल्यावर एक झालं. आमची गाय नवख्या हाताला पान्हा सोडायची नाही. मी धार काढायला बसले की काहीतरी गुणगुणायचे आणि ती शांत व्हायची. पुढं पुढं मी गायल्याशिवाय ती दूधच देईना. भाऊजी माडीवरच्या खिडकीतून ते रोज ऐकत असणार. एक दिवस खाली येऊन त्यांनी विचारलं, माझ्या गाण्यांसाठी तुम्ही गाल का. मला हसू आलं. पुण्यातली कुणी शिकलेली मुलगी बघा, म्हटलं. ते म्हणाले, पुण्यातल्या मुली गायला लागल्या की गातात, मला न गाणारा आवाज पाहिजे. यांना विचारलं तर हे म्हणाले, "गा की. तिथं कोण बघतंय तुला."

घरात काही ते जमलं नाही. मी तोंड उघडलं की रस्त्यावरून ट्रक जायचा, नाहीतर कुकरची शिट्टी. माडीचे पत्रे उन्हानं कडकडायचे. शेवटी भाऊजींनी ओतूरच्या मित्राला गळ घातली. त्यांच्या वर्गातला मुलगा, पेठेत कापडाचं दुकान असलेल्या जैनांच्या घरातला. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण बोलणं आपल्यासारखंच. दुकानाच्या वर त्यांचं गोदाम होतं. चारी भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले. तिथं बोललं की शब्द तोंडासमोरच खाली पडायचा, कुठं घुमायचा नाही. भाऊजी आत शिरले, एकदा टाळी वाजवली आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पुण्यात एवढ्यासाठी लोक स्टुडिओ बांधतात.

मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, लोडशेडिंगच्या वेळा टाळून, आम्ही ओतूरला जायला लागलो. शेजारच्या बायकांना सासूबाई सांगायच्या, सून कॉम्प्युटर शिकतीय. मला नव्या कापडाचा तो खळीचा वास अजून आठवतो. दोन ताग्यांच्या मधे स्टूल, समोर माइक आणि कानावर मोठे हेडफोन. गाण्याचे शब्द भाऊजींनीच लिहिले होते, अगदी थोडे.

दार लोटून घे, वारा आत येतो
नाव घेणारा बाहेर कुणी नाही

हे एवढंच पुन्हापुन्हा म्हणायचं. मी जरा आळवून म्हणायला गेले की ते हात वर करायचे. "वहिनी, गाऊ नका. घरात कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असं म्हणा." मी तसं म्हणायचे. मग ते हसायचे आणि मला बरं वाटायचं. घरात मला एवढं लक्ष देऊन तोवर कुणी ऐकलं नव्हतं, गाय सोडून.

मित्राच्या आई, मी त्यांना काकू म्हणायचे, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्यामुळे आम्हालाही उजेडातच खाऊन घ्यायला लावायच्या. एकदा ताट द्यायला वर आल्या आणि ते गाणं ऐकून थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, हे असलं काय ते तुमचं तुम्ही बघा, पण पोरी, तुला येतं ते एखादं म्हण. मी आईनं शिकवलेलं हळदीचं गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोकळ्या गळ्यानं. काकू उभ्यानंच ऐकत राहिल्या. रेकॉर्डिंग चालूच होतं, म्हणून तेही टिपलं गेलं. भाऊजी म्हणाले, राहू दे, असू दे.

पुढं कितीतरी महिने ते माडीवर एकटेच ते सगळं जुळवत होते. यांच्या दुकानातल्या वाइंडिंग मशीनची टिकटिक त्यांनी रेकॉर्ड करून नेली, मोटारीच्या स्टार्टरचा खटका नेला. अल्बम पुरा झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना माडीवर बसवून त्यांनी तो ऐकवला. नाव ठेवलं होतं 'लोटलेलं दार'. कव्हरसाठी गोदामातल्या एका छापील कापडाचा तुकडा झेरॉक्सच्या काचेवर ठेवून प्रती काढल्या होत्या.

ऐकताना मी गोंधळून गेले. आधी एक घरघर, उभ्या ट्रकचं इंजिन चालू असावं तशी. त्यावर गिटारी, पण गिटारीसारख्या नाहीत, लांबच्या पाऊसवाऱ्यासारख्या. मग टिकटिक. हे लगेच म्हणाले, हे आपलं मशीन. आणि त्याच्या खाली कुठंतरी, विहिरीच्या तळाशी कुणी पुटपुटावं तसं काहीतरी. मधेच तो आवाज वर यायचा आणि तुटायचा. दा, दा, दार. लो, लो. मग परत बुडायचा. ते शब्द मीच म्हटले होते हे मला माहीत होतं, पण तो आवाज कुणाचाही असता.

"भाऊजी, माझा आवाज कुठंय?" मी विचारलं.

"सगळीकडं आहे, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही गिटार म्हणून जे ऐकताय ना, त्यातही निम्म्या तुम्हीच आहात. ताणलंय तुम्हाला."

ते इतके खूश होते की मीही मान डोलावली. त्यांनी शंभरेक शीड्या कॉम्प्युटरवरच काढल्या, ओळखीपाळखीत वाटल्या, काही पोस्टानं पाठवल्या, गाणी इंटरनेटवर चढवली. परदेशातल्या एका माणसाचा मेल आला की ही गाणारी बाई कोण आणि ही भाषा कुठली. भाऊजींनी तो मेल सासूबाईंना वाचून दाखवला. त्यानंतर फारसं काही झालं नाही. मग त्यांना बंगळुरात नोकरी लागली. जाताना गिटार नेली, कॉम्प्युटर नारायणगावच्या क्लासला देऊन टाकला.

मला मुलगी झाली. तिचं नाव ठेवून थोडेच दिवस झाले असतील, मंगळसूत्र सारखं करताना मला गळ्याला गाठ लागली. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. थायरॉइडची होती. कॅन्सर नाही म्हणाले, पण वाढतेय, काढायला हवी. पुण्याच्या डॉक्टरांनी यांना आणि मला समोर बसवून नीट सांगितलं होतं की आवाजाची नस तिथूनच जाते, काळजी घेऊ, पण खात्री देता येत नाही. आम्ही मान हलवली. गळ्यात गाठ असताना आवाजाचा विचार कोण करतं? मुलगी तेव्हा रांगत होती. मला फक्त जिवंत परत यायचं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा हे शेजारी होते. मी म्हटलं, पोरगी कुठंय. माझ्या तोंडातून हवा आली नुसती. हे वाकून म्हणाले, काय? मी परत म्हटलं. परत हवा. डॉक्टर म्हणाले, गाठ नसेला वेढून बसली होती, थोडे महिने वाट बघू, काहींचा येतो परत. आम्ही वाट बघितली. आला तो इतकाच, कागद चुरगळल्यासारखा. जवळ बसलेल्याला ऐकू जातं, दारातल्याला नाही.

आवाज गेला म्हणजे गाणं गेलं असं लोकांना वाटतं. गाणं तर फार नंतर आठवतं. आधी कळतं की भाजीवाला हाक मारूनही थांबत नाही, कारण हाक गेलेलीच नाही. शेतातल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर बांधापर्यंत चालत जावं लागतं. धार काढायला बसले तर गाय मान वळवून बघायची, कान हलवायची, वाट बघायची. दूध आत ओढून धरायची. मी ओठ हलवायचे. शेवटी सासूबाईंनी माझ्या हातातली कासंडी घेतली. "ऊठ," म्हणाल्या. "मी बघते." त्यांना गाता येत नव्हतं. त्या गायीला शिव्या द्यायच्या, पण मोठ्यानं, आणि हळूहळू ती त्यालाही सोकावली.

पोरगी चालायला लागली तेव्हाची गोष्ट. मी अंगणात गव्हाला ऊन दाखवत होते. ती माझ्या पाठीमागं खेळत होती. वळून बघितलं तर ती कुंपणाच्या फटीतून बाहेर पडून रस्त्याकडं निघाली होती, एका कोंबडीमागं. फाट्याकडून टेम्पो येत होता. मी ओरडले. म्हणजे मी तोंड उघडलं, छाती फुटेल इतका जोर लावला आणि काहीच झालं नाही. मी धावले, पण पाय गव्हावरून घसरले. मला तेवढं दिसत होतं, तिचा लाल फ्रॉक आणि टेम्पो. आणि गोठ्यातून सासूबाईंची आरोळी आली, तिच्या नावाची, अख्ख्या आळीत गेली असेल अशी. पोरगी जागच्या जागी बसली आणि रडायला लागली. टेम्पो निघून गेला. त्याला काही कळलंही नसेल.

सासूबाई मला एरवी सहज सोडणाऱ्या नव्हत्या. गव्हाच्या खड्यांवरूनही ऐकवायच्या. त्या दिवशी त्यांनी पोरीला उचलून माझ्या मांडीत ठेवलं आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी हाय तवर तू वरडायचं काम नाय." त्यानंतर माझी हाक त्यांनी मारली. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, पोरीला. मी त्यांच्या दंडाला हात लावायचे आणि त्या हाक मारायच्या.

पण रात्री पोरीला निजवताना दंडाला हात लावून भागत नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझा आवाज कसा होता हे हिला कधी कळणारच नाही. मी शोधायला लागले. लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. ती लावली. मी नाव घेतेय, बायका हसतायत, आणि सगळ्यावर शूटिंगवाल्यानं सिनेमाचं गाणं टाकलेलं. माझे ओठ हलतायत आणि दुसरीच कुणी गातेय. हे म्हणाले, आता तशीच झालीस बघ. बोलून गेले आणि उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी पुसलेला चेहरा मला दिसू दिला नाही.

मग ओतूरचं ते हळदीचं गाणं आठवलं. यांना फोन लावायला सांगितला. यांनी भाऊजींना विचारलं. मला यांच्या चेहऱ्यावरून कळलं. सगळी मूळ रेकॉर्डिंगं त्या कॉम्प्युटरमध्ये होती. अल्बम झाल्यावर जागा पुरेना म्हणून भाऊजींनी ती काढून टाकली होती आणि नंतर तो कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांच्या हाताखाली जाऊन मोडीतही निघाला होता. ओतूरला काकूंकडंही काही नव्हतं. त्यांना ते गाणं मात्र आठवत होतं. म्हणाल्या, काय गोड गायली होतीस पोरी. मी फोन कानाला लावून ते ऐकत होते.

त्या दिवाळीला भाऊजी लॅपटॉप घेऊन आले. भाऊबीज झाली, पाहुणे पांगले आणि भाऊजी माडीवर बसले ते दोन दिवस खाली उतरले नाहीत. 'लोटलेलं दार'मधून गिटारी काढून माझा आवाज वेगळा करायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. मी चहा घेऊन जायचे. ते एक तुकडा ऐकवायचे, मी मान हलवायचे, नाही, हा नाही. गिटार कमी केली की आवाजही पातळ व्हायचा. एक थर खरवडला की त्याबरोबर मीही निघून यायचे. शेवटी शेवटी तर बादलीत तोंड बुडवून कुणी बोलावं तसं व्हायला लागलं. कॉम्प्युटरमध्ये अजून तसं काही निघालेलं नव्हतं, निदान भाऊजींना माहीत नव्हतं.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "वहिनी, मी तुम्हाला इतकं आत गाडलं ना, आता मलाच सापडत नाही," म्हणाले.

मला म्हणायचं होतं की तुम्हाला काय माहीत पुढं असं होणार, मला म्हणायचं होतं की ते गोदाम, ते स्टूल, ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. एवढं लांब बोलायचं म्हणजे माझा श्वास पुरत नाही. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि रिकामा कप घेऊन खाली आले. त्यानंतर त्यांनी गाणी केली नाहीत. पुढं कधीतरी कळलं की गिटार विकली.

शीडी तेवढी राहिली. पोरगी तीनएक वर्षांची झाली तेव्हा यांनी तिला सांगून टाकलं की ह्यात तुझी आई गातेय. मग तिनं दुसरं काही लावू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ ती घरघर, ती टिकटिक. सासूबाई म्हणायच्या, पुरे झाली ती शीडी, माझं डोकं भनभनतंय. पोरगी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची. आमच्यापैकी कुणालाही ऐकू न येणारं तिला ऐकू येत असावं.

बालवाडीत जायला लागल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं त्यांनी सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण गाणं म्हणताना अडखळते, बोबडी वळते, डॉक्टरला दाखवा. बोलताना ठीक आहे, फक्त गाताना. मला लगेच कळलं. मी सांगायला गेले. शीडी, मुद्दाम तोडलेलं, माझ्या दिरांनी, कॉम्प्युटर. बाई कान पुढं करून ऐकत होत्या. वर्गात पोरांचा गोंधळ चाललेला. त्यांना एकही शब्द पोचला नसणार. त्यांनी माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं त्यावरून मला समजलं की त्यांनी आपल्या मनाशी काय जोडलं. आईचंच लेकीत उतरलंय. मी मान हलवत राहिले, नाही, नाही, आणि त्यांनी माझा हात दाबला.

घरी आल्यावर मी पोरीला समोर बसवलं. म्हण म्हटलं. ती म्हणायला लागली, मान खाली घालून, डोळे मिटून. दा, दा, दार. लो, लो, लोटून घे. नेमक्या त्याच जागी अडकायची, तेवढाच वेळ थांबायची, परत मागं जाऊन धरायची. सूर अगदी माझा. मी तिची हनुवटी वर केली आणि कुजबुजले, असं नाही बाळा, सरळ म्हण. दार लोटून घे.

तिनं डोळे उघडले. "पण तू तर अशीच म्हणतेस," ती म्हणाली.

मी तिला सरळ म्हणून दाखवायला गेले. एक ओळ. आवाज वर गेला नाही, खाली गेला नाही, चुरगळला आणि फाटला. तिनं नीट लक्ष देऊन ऐकलं आणि दुसऱ्या खेपेला, माझं मन राखावं म्हणून असेल, तेही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ओळ फाटली तिथं तिनंही फाडली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

आम्ही शीडी कपाटावर ठेवून दिली. पोरगी थोडे दिवस मागत राहिली, मग टीव्हीवरची गाणी शिकली, तिचं अडखळणं गेलं. बाईंनी मला पुन्हा थांबवून सांगितलं की बघा, वयाबरोबर सुधारलं. मी हसून नमस्कार केला.

भाऊजी बंगळुरातच स्थायिक झाले. रविवारी फोन येतो. आधी यांच्याशी बोलतात, मग सासूबाईंशी, मग पोरीशी, आणि शेवटी म्हणतात, वहिनीला द्या. माझं बोलणं फोनमधून जात नाही हे त्यांना माहीत आहे. तरी मी फोन घेते. तिकडचं हवापाणी, ऑफिस, घरमालक, असं काहीबाही ते सांगत बसतात. मधेमधे मला एक 'हं' नीट जमतं. तेवढं ऐकू गेलं की ते आणखी थोडं बोलतात.